नावाचा धुरा

लांजेवार सर डबा उघडला की आधी भात बोटांनी ताटलीत पसरायचे. खडा, कोंडा, काळा दाणा, जे सापडेल ते वेचून ताटलीच्या काठाला लावायचे आणि मगच पहिला घास घ्यायचे. भात घरच्याच धानाचा, तांदूळ त्यांच्याच बहिणीनं निवडलेले, तरी हा कार्यक्रम एक दिवस चुकायचा नाही. आम्ही ऑफिसातल्या पोरी एकमेकींकडे बघून हसायचो. एकदा मी म्हटलंच, "सर, सुनंदाताईंनी निवडले असतील न तांदूळ?"

त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "तिनं निवडले न. मी कुठं निवडले?"

आमचं ऑफिस भंडाऱ्याच्या बाजारात, पितळी भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर होतं. शाळा, पतसंस्था, दवाखाने, मंगल कार्यालयं, ज्याला लागेल त्याची वेबसाइट आम्ही बनवून द्यायचो. मालक मिलिंदभाऊ गिऱ्हाईक आणायचे आणि बाकी सगळं लांजेवार सर बघायचे. त्याआधी भंडाऱ्याजवळच शहापूरला हायवेला लागून त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी लाखनीहून एसटीनं त्या क्लासला यायची. क्लास बंद पडला तेव्हा त्यांनीच मला या ऑफिसात आणून बसवलं. मिलिंदभाऊंना म्हणाले, "पोरगी भांडखोर हाय, पण काम अर्धवट नाही सोडत." या शिफारशीवर मला नोकरी लागली.

फॉर्म भरताना मोबाइल नंबरचा एक आकडा कमी पडला की रकाना लाल होतो आणि फॉर्म पुढे सरकत नाही, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. त्या लाल होण्यामागे एक ओळ लिहिलेली असते. इथे अमुकच अक्षरं चालतील, इतकीच चालतील आणि याच क्रमानं चालतील, असं ती कॉम्प्युटरला सांगते. आम्ही तिला रेगेक्स म्हणतो. दिसायला ती भयंकर असते, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी. क्लासमधली निम्मी पोरं तिच्या भीतीनं पळून गेली. उरलेल्यांना सरांनी ती धानाच्या शेतात नेऊन शिकवली.

आमच्याकडे धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात आणि तिच्याभोवतीच्या मातीच्या बांधाला धुरा. रेगेक्सच्या सुरुवातीला टोपीसारखी एक खूण असते आणि शेवटी डॉलरची. सर फळ्यावर या दोन खुणा काढायचे आणि म्हणायचे, "हे टोपीवानी दिसते ते अलीकडचा धुरा. हे डॉलर म्हणजे पलीकडचा. मधात तुमची बांधी. आता सांगा, एक धुरा फुटला तं काय होईन?"

"पाणी जाईन सर," आम्ही म्हणायचो.

"पाणी जाईन अन् शेजाऱ्याची म्हैस येईन. मंग मोबाइल नंबराच्या पुढं कोणी आपल्या सासऱ्याचं नाव लिहून देल्लं तरी तुमचा फॉर्म म्हणन, या बसा."

म्हैस त्यांच्या बोलण्यात नेहमी असायची. नवा फॉर्म तयार झाला की ते तो आम्हा सगळ्यांपुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "शिरा आता म्हशीवानी." मग आम्ही जन्मतारखेत गावाचं नाव लिहायचो, पिनकोडमध्ये शिव्या लिहायचो, नावाच्या जागी नुसते पूर्णविराम द्यायचो. फॉर्मनं सगळं परतवलं की सर चहा सांगायचे. एखादी गोष्ट आत शिरली की त्या दिवशी चहा नाही.

संशयी माणूस म्हणावं तर तसेही ते नव्हते. "माणूस खोटं नाही लिहत, निखाडे," ते मला सांगायचे. "माणूस घाईत लिहते. त्याले फक्त थांबवाचं अन् नीट सांगाचं." म्हणून रकान्याखाली जे लाल वाक्य येतं, त्याच्यावर ते अर्धा दिवस घालवायचे. "चुकीची माहिती" असं दोन शब्दांत लिहून मोकळं होणाऱ्यांचा त्यांना राग यायचा. त्यांची वाक्यं सगळी 'कृपया'नं सुरू व्हायची आणि वाचणाऱ्याचा मान ठेवून बोलायची.

संध्याकाळी मला उशीर झाला की ते बसस्टँडपर्यंत यायचे. गाडीच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लाखनी लिहिलेलं असायचं. तरी खिडकीशी जाऊन कंडक्टरला विचारायचे, "लाखनीलेच जाते न जी?" कंडक्टर एकदा वैतागून म्हणाला, "नाही, काशीले जाते." सरांनी शांतपणे पुन्हा विचारलं. उत्तर मिळेपर्यंत त्यांनी मला चढू दिलं नाही आणि मला लाजेनं कुठे तोंड लपवू असं झालं.

नावाच्या रकान्याची गोष्ट इथे सांगायला हवी. एका शाळेच्या फॉर्ममध्ये पालकांनी मुलांची नावं नुसती राजू, पिंकी, बाळा अशी भरली होती. ती तशीच्या तशी छापून आली आणि एका पोराचं परीक्षेचं ओळखपत्र 'बाळा' या नावानं निघालं. शाळेचे बाबू ऑफिसात येऊन मिलिंदभाऊंवर ओरडून गेले. सरांनी त्यावर उपाय काढला. आपल्याकडे नाव म्हणजे तीन शब्द, स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. तेवढे तीन शब्द असतील तरच रकाना पुढे जाऊ देईल, अशी ओळ त्यांनी लिहिली. आम्ही म्हशी होऊन शिरून पाहिलं, कुणी आत गेली नाही. त्या ओळीला ते 'नावाचा धुरा' म्हणायचे. पुढे आम्ही जो जो फॉर्म बनवला त्यात ती ओळ गेली. तिच्याखालचं लाल वाक्यही त्यांचंच होतं: "कृपया आपले संपूर्ण व खरे नाव लिहावे." आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आमची सगळ्यांची नावं तीन शब्दांचीच होती.

सरांनी लग्न केलं नव्हतं. शहापूरच्या घरात त्यांची धाकटी बहीण सुनंदाताई आणि तिची मुलगी प्रणाली राहायच्या. सुनंदाताईला नवऱ्यानं प्रणाली पोटात असताना घराबाहेर काढलं. ती माहेरी आली तर वडिलांनी, म्हणजे सरांच्या वडिलांनी, तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. वडील गेल्यावर सर तिला घेऊन आले. प्रणालीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा सुनंदाताईनं सांगून टाकलं, "तिच्या बापाचं नाव नाही लावाचं. अन् ज्या घरानं मले दारातून हाकललं, त्या घराचं आडनावही नोको. पोरगी माही हाय, माहं नाव पुरते."

हे ऐकून सरांना लागलं असणार, आडनाव त्यांचंही होतं. पण ते दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि हेडमास्तरांपुढे ठाण मांडून बसले. हेडमास्तर म्हणत होते, बापाचं नाव नाही, आडनाव नाही, असं कसं लिहू? सर म्हणाले, "जे खरं हाय ते लिहा." मुलीचं नाव लागलं प्रणाली सुनंदा. ही गोष्ट सर कधी स्वतः सांगायचे नाहीत, प्रणालीच सांगायची. ऑफिसात येऊन माझ्या खुर्चीवर गोल गोल फिरत सांगायची, "मामा तिथून उठलेच नाही जी. चपराशी घंटा वाजवून थकला."

तिला नर्स व्हायचं होतं. दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. बारावी झाली, मार्क चांगले पडले. त्याच वर्षी एका संस्थेच्या नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म बनवायचं काम आमच्याकडे आलं. घरापासून जाऊन येऊन करता येईल असं ते एकच कॉलेज होतं. तिला बाहेरगावी ठेवायची ऐपत बहीण-भाऊ दोघांचीही नव्हती, हे मला माहीत होतं. मी सरांना म्हटलं, "प्रणालीचा फॉर्म इथंच भरून टाकू." ते म्हणाले, "नाही. बाकीच्या पोरी जिथं भरतीन तिथं तिनं भराचा. मी बनवला म्हणून माह्या घरचा फॉर्म माह्या टेबलावर नाही भरल्या जाणार." मला ते तेव्हाही अति वाटलं होतं.

प्रणाली शहापूरच्या एका ऑनलाइन सेंटरवर गेली. शेवटच्या तारखेची गर्दी होती. तिनं नाव सांगितलं, सेंटरवाल्यानं लिहिलं, रकाना लाल झाला. त्यानं पुन्हा लिहिलं, पुन्हा लाल. मागे रांग ओरडत होती. त्यानं विचारलं, "बापाचं नाव काय हाय? आडनाव?" ती मागच्या रांगेकडे बघायला लागली. त्यानं पुन्हा विचारलं. मग तिनं सांगितलं. प्रणाली दिलीप भोयर असं लिहिताच रकाना पुढे सरकला, फॉर्म जमा झाला आणि सेंटरवाल्यानं पुढच्याला हाक मारली.

पुढे एकदा मी तिला विचारलं की तेव्हाच मामाला फोन काहून नाही केला. ती म्हणाली, "ते लाल वाक्य मामाचंच होतं, मले मालूम होतं. कृपया खरे नाव लिहावे. मले वाटलं, मामा घरी ज्या नावाले खरं म्हणते, ते घरापुरतंच खरं असन."

तिचं नाव निवड यादीत लागलं. कागदपत्रं तपासायच्या दिवशी कॉलेजच्या बाबूंचा ऑफिसात फोन आला. एका मुलीचं नाव फॉर्मवर वेगळं आणि मार्कशीटवर वेगळं आहे, तुमचा फॉर्म असं घेतोच कसा, अशी तक्रार होती. फोन सरांनी घेतला होता. ते म्हणाले, "माह्या फॉर्ममधून चुकीचं नाव आत येत नाही साहेब. तिनंच काहीतरी केलं असन. नाव सांगा." मग ते ऐकत राहिले. त्यांनी फोन कानापासून काढला, टेबलावर ठेवला, आणि तो तिथे तसाच बोलत राहिला. शेवटी मी उचलून बंद केला.

इथून पुढचं आठवलं की मला अजून राग येतो. प्रवेश वाचवायला त्या एका रकान्यातलं नाव बदलायला हवं होतं. फॉर्म एकदा जमा झाला की भरणाऱ्याला बदलता येत नव्हता, पण सगळी माहिती आमच्या ताब्यात होती आणि तिची चावी सरांकडे होती. एक ओळ लिहायची, संपलं. मिलिंदभाऊ दार लोटून आत आले आणि म्हणाले, "बदलून टाका न सर. कोणाले समजते?"

"मले समजते न," सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, चूक आपल्या ओळीची आहे. तिचं खरं नाव लिहिणं म्हणजे लबाडी कशी होईल?"

"चूक माही हाय, निखाडे. ते कबूल. पण ते सुधारणारा तिचा मामा नसला पायजे. तिच्या खाली बाकी पोरी यादीत वाट पाहून राहिल्या. उद्या कोणी म्हणन, लांजेवारानं आतून हात घातला, तं मी काय सांगू?"

ते कॉलेजात गेले आणि अर्ज दिला. आपल्या हातून ओळ चुकली असं त्यात स्वच्छ लिहिलं. कॉलेजनं सांगितलं, फॉर्ममधलं नाव आता बदलणार नाही. दोन्ही नावांची मुलगी एकच आहे असं वडिलांनी लिहून द्यावं, म्हणजे फॉर्मवरच्या नावानं प्रवेश देऊ. वडील म्हणजे दिलीप भोयर. तो तुमसरला एका राइस मिलमध्ये कामाला होता आणि त्याचं तोंड पाहणार नाही असं सरांनी बहिणीला वचन दिलेलं होतं.

सर तुमसरला गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला थोडक्यात सांगितलं. दिलीपनं खुर्ची दिली, चहा मागवला. कागदावर सही करताना हसून म्हणाला, "शेवटी माहंच नाव कामी आलं न भाऊ." आणि मुलीचा फोटो आहे का म्हणून विचारलं. सरांनी दाखवला नाही. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि पहिल्या एसटीनं परत आले.

तो कागद त्यांनी घरी प्रणालीपुढे ठेवला तेव्हा मी तिथे होते. मुदत संपत आली होती आणि तिची समजूत घालायला त्यांनीच मला नेलं होतं. सुनंदाताई भिंतीला टेकून बसली होती, कागदाकडे बघतही नव्हती. प्रणालीनं तो वाचला, त्याची परत घडी केली आणि सरांच्या हातात दिली.

"मामा," ती म्हणाली, "तुमी त्या माणसाच्या दारात गेले. पण कॉम्प्युटरपुढं बसून माहं नाव खरं करून नाही देल्लं."

ती त्या नावानं कॉलेजात गेली नाही. मुदत संपली आणि तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली.

त्यानंतर सरांनी नावाचा धुरा काढून टाकला. आम्ही आजवर बनवलेला एकेक फॉर्म ते उघडायचे, ती ओळ आणि तिच्याखालचं वाक्य पुसायचे. हे काम त्यांनी आमच्यापैकी कुणाला करू दिलं नाही. एका दुपारी मध्येच थांबून मला म्हणाले, "इतक्या वर्षांत एकाचाही तक्रारीचा फोन नाही आला, निखाडे. मी समजत होतो धुरा पक्का हाय. त्या सगळ्यांनी काही ना काही लिहून देल्लं असन अन् पुढं गेले असतीन." खाली दुकानात कुणीतरी पाण्याचा पितळी गुंड वाजवून बघत होतं. ते पुन्हा पुसायला लागले.

सुनंदाताई आणि प्रणाली शहापूरचं घर सोडून भंडाऱ्यात खोली करून राहिल्या. सर काही दिवस ऑफिसात आले, मग येईनासे झाले. मिलिंदभाऊंनी निरोप पाठवले, मी दोनदा घरी जाऊन आले. दार उघडून चहा द्यायचे, कामाचं विचारायचे आणि घरच्यांचा विषय निघाला की पाणी आणायला आत जायचे. मी त्यांच्यावर चिडलेली होते आणि तरी परतताना प्रत्येक वेळी मला रडू यायचं. या माणसानं मला शिकवलं नसतं तर मी लाखनीच्या घरात बसून राहिले असते, आणि ज्या स्वभावानं मला शिकवलं त्याच स्वभावानं त्या पोरीला घरी बसवलं. या दोन गोष्टी माझ्या मनात अजून एका जागी बसत नाहीत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते भंडाऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात. आईला दाखवायला घेऊन गेले होते. काउंटरवर प्रणाली बसलेली होती. तिथे ती पेशंटची नावं कॉम्प्युटरवर लिहून घ्यायची, हे मला माहीत होतं. आमचा नंबर लावून झाला होता आणि आम्ही बाकावर थांबलो होतो. रांगेत लांजेवार सर दिसले. वाळले होते, खोकत होते. त्यांना पाहून मी उठणार, तेवढ्यात त्यांची पाळी आली.

"पेशंटचं नाव?" प्रणालीनं पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"मोरेश्वर सीताराम लांजेवार," ते म्हणाले.

तिची बोटं क्षणभर थांबली, मग चालू लागली. वय, गाव, फोन, तिनं एकेक विचारलं आणि त्यांनी एकेक सांगितलं.

"सोबत कोण हाय?"

"कोणी नाही."

"नातेवाइकाचं नाव लागते. त्याच्याबिगर पुढं नाही जात."

सर काउंटरला हात टेकून उभे राहिले. समोर ती होती. मागचे लोक पुढे सरकून बघायला लागले. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ती पडद्याकडेच बघत होती. मग ते वळले आणि त्यांना मी दिसले.

"निखाडे," ते म्हणाले, "तुमचं लिहू काय?"

"लिहा सर," मी म्हटलं आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

प्रणालीनं मला न विचारता माझं पूर्ण नाव लिहिलं. "नातं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "विद्यार्थिनी."

"ते नाही याच्यात," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "इतर टाकू?"

"टाक," सर म्हणाले. चिठ्ठी बाहेर आली, ती त्यांनी घेतली आणि तिनं हात केला त्या खुर्चीवर जाऊन बसले.